म्हाळ घालून झाला, एक-चौदाचं काय?

गोव्यातलं कुठलंही मराठी दैनिक घ्या आणि आतली पानं उलटा. एखाद्या पानावर 'प्रथम पुण्यस्मरण' असतंच. टोपीतला नाहीतर टाय लावलेला फोटो, भोवती काळी चौकट, खाली चार ओळींची कविता आणि त्याखाली शोकाकुल मुलं, सुना, जावई, नातवंडं अशी नावांची रांग. कधी कधी त्याच पेपरात मुंगीएवढ्या टायपात दुसरीही एक नोंद असते. अमुक गावचे अमुक वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं, मागे अर्ध्या हिश्शाची मालकीण म्हणून पत्नी आणि वारस म्हणून अमुक अमुक, कुणाची हरकत असल्यास कळवावी. पहिली नोंद घरचे कापून ठेवतात, गाववाले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. दुसरी वाचतात ते वकील आणि जमिनीचे दलाल. माझं म्हणणं जरा कडू वाटेल, पण सांगतो. गेलेल्या माणसाचा मान जास्त राखला जातो तो या दुसऱ्या नोंदीत, आणि ती वेळेवर देणारी घरं आपल्याकडे फार थोडी.

आठवण ठेवण्यात आपण कमी पडतो असं कोण म्हणेल? दहावा, बारावा, तेरावा, वर्षश्राद्ध, मग दरवर्षी भाद्रपदात म्हाळ. वडे, खीर, खतखतं, कावळ्याचा घास. घरात एरवी एकमेकांशी न बोलणारे भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात, ही काही लहान गोष्ट नाही. देवळात गेलात तर पायरीवर, बाकावर, पाणी प्यायच्या टाकीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नाव रंगवलेलं असतं. पंखा बंद असला तरच ते वाचता येतं, आणि पंखा बंद असताना मंडपात कोणी बसत नाही, पण असो. जत्रेच्या नाटकाला ढाल, क्रिकेटच्या स्पर्धेला चषक, स्मशानातल्या शेडला पत्रे. यातलं काहीच वाईट नाही. दुःखाला काहीतरी करायला हवं असतं आणि गावाला बाक हवा असतो. शेजारच्या ख्रिस्ती घरातही महिन्याची मीस (चर्चमधली प्रार्थना) होते, वर्षाची होते, दोन नोव्हेंबरला सगळी सिमितेर (दफनभूमी) फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. गोवेकर आपल्या माणसाला विसरत नाही.

पण आजोबांचं नाव सर्वांत जास्त वर्षं टिकून राहतं ती जागा वेगळीच आहे. ती म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्यातला सात-बाराच म्हणा. सत्तरच्या दशकात गावोगाव सर्व्हे झाला, तेव्हा कब्जेदाराच्या रकान्यात ज्यांची नावं चढली त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. तरी उतारा काढून पाहा. आता तो घरबसल्या संगणकावर निघतो. सर्व्हे नंबर टाकला की पडद्यावर आजोबा. कधी पणजोबा. कधी नुसतंच अर्धं नाव, स्पेलिंग चुकलेलं, वडिलांचं नाव गाळलेलं. चार पिढ्या म्हाळ घालताहेत आणि सरकारदरबारी तो माणूस अजून सुपारीच्या बागेचा ताबा धरून बसला आहे.

याला आपण निष्ठा म्हणावं की आळस? मला वाटतं यात आळस थोडा आणि भीती जास्त आहे. कागद उघडला की वाटणी निघणार, वाटणी निघाली की भांडण निघणार, तेव्हा आजोबांच्या नावावरच राहू दे, म्हणजे घर एकसंध राहील. हा विचार प्रेमातून येतो हे मान्य. परिणाम मात्र नेमका उलटा होतो, आणि तो का होतो हे समजायला आपल्या कायद्याची थोडी उजळणी करायला हवी.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. १९६१ च्या मुक्तीनंतरही तो चालू राहिला. वारसा आणि इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वाटणी) यांच्या बाबतीत त्याची जागा आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने घेतली आहे. तो प्रत्यक्षात २०१६ पासून अंमलात आला, पण गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी निम्मी. वारशाने आलेलीही त्यात येते. नवरा वारला तर निम्मी बायकोची असतेच, ती वारसा म्हणून मिळत नाही, मुळातच तिची असते. उरलेल्या निम्म्याचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्राने मनासारखं देता येईल असं जे उरतं ते जोडप्याच्या एकूण मालमत्तेच्या पाव हिश्शाएवढं. बाप कितीही रागावला तरी मनात आलं म्हणून लेकीला बेदखल करू शकत नाही. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की देशभर गोव्याचं नाव घेतलं जातं ते यासाठी. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या एका निकालात गोव्याचा दाखला कौतुकाने दिला.

आता जरा हिशेब करा. आजोबा वारले, आजी आहे, मुलं पाच, पाचही लग्न झालेली. सामाईक मालमत्तेमुळे सून-जावयांचीही सही लागते. म्हणजे आजी धरून अकरा सह्या. अकरा माणसं एका दुपारी एका सोप्यावर बसू शकतात. पुढची पिढी येऊ द्या, प्रत्येकाला तीन मुलं, त्यांचीही लग्नं झालेली. तीस सह्या. त्यांतला एक दुबईत, एक कॅनडात, एकीचा घटस्फोट कोर्टात, एकजण कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही, एकाने लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला. (पासपोर्टासाठी मात्र आजोबांचा जन्मदाखला सगळ्यांना बरोबर सापडतो. त्या एका कागदासाठी लोकांनी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत दिवस दिवस काढलेत.) परदेशातल्या प्रत्येकाचं मुखत्यारपत्र वकिलातीतून यायला हवं. अकरा सह्यांचं काम तीस सह्यांवर गेलं की ते होत नाही. मग घराची डागडुजीही होत नाही, कारण एका सहमालकाने पंचायतीत हरकतीचा अर्ज टाकला की काम अडतं.

फोंडा, डिचोली, सांगे कुठेही फिरा, अशी घरं दिसतील. चिऱ्याच्या भिंती शाबूत असतात, कारण चिरा सहसा दगा देत नाही. आधी मंगळुरी कौलं सरकतात, मग पहिल्या पावसात वासे भिजतात, दुसऱ्यात वाळवी चढते. राजांगणात तुळशीवृंदावन असतं आणि वृंदावनातून उंबर उगवलेला असतो. सासष्टीतली मोठाली बंद घरं पाहून पर्यटक फोटो काढतात, पण आपल्या चौकीच्या घरांची गतही तीच आहे. फरक एवढाच की आपल्या घरात देवघर असतं, म्हणून वर्षातून एकदा कोणीतरी येऊन कुलूप उघडतं, दिवा लावतं आणि परत जातं. एकसंध राहावं म्हणून न वाटलेलं घर असं सर्वांच्या डोळ्यांदेखत बसतं.

आणि ज्या माणसाच्या नावावर कागद पडून आहे, त्याच्या नावाचा उपयोग दुसरे करतात. गोव्यातले जमीन हडप करण्याचे प्रकार आठवा. २०२२ साली सरकारने त्यासाठी विशेष तपास पथक नेमलं, पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक सदस्यीय आयोगही नेमला. पद्धत काय होती? ज्या जमिनीचा मालक कधीच वारलेला आहे, वारस परदेशात आहेत किंवा झोपलेले आहेत, अशी जमीन हेरायची. मग मृताच्या नावाने जुनं विक्रीखत तयार करायचं, जणू त्याने हयातीतच जमीन विकली होती. म्हणजे ज्याचं पुण्यस्मरण पेपरात छापून आलं, त्याची खोटी सही दुसऱ्या कुठल्या कागदावर झाली. आपल्या बापाच्या नावाने कुणीतरी खोटं बोलतंय आणि आपल्याला पत्ता नाही! याहून मोठी अवहेलना कुठली? पण हडपखोरांनी हे का निवडलं, तर ती नावं बेवारस पडली होती म्हणून. त्यांना बेवारस कोणी केलं, हे मात्र आपण पोलिसांना विचारू शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही श्राद्धाचा विषय काढलात आणि मालमत्तेवर घसरलात. माणूस म्हणजे का सर्व्हे नंबर? नव्हे. म्हणूनच आमच्या तात्यांच्या वहीची गोष्ट सांगतो. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या कुळागराचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचा, सगळा कारभार त्यांच्याकडे होता. ते गेल्यावर माडीवरची पत्र्याची पेटी उघडली. वरती धोतरं, खाली सुतळीने बांधलेले कागद: मॅट्रिजचे (पोर्तुगीज काळच्या महसुली नोंदवहीचे) दाखले, पोर्तुगीज शिक्क्यांची खरेदीखतं, घरपट्टीच्या पावत्या टाचणीला गंज चढलेल्या. आणि एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही. अक्षर मराठी, पण मधूनच मोडीत गेलेलं, शाई कुठे निळी कुठे जांभळी. नारळाच्या पाडणीचे हिशेब, पाडेलीला दिलेले पैसे, सुपारीचा भाव, पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची किती. एका पानावर, हिशेबाच्या मध्येच, कुळागराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या मुंडकाराचं, म्हणजे आमच्या जमिनीत घर करून राहिलेल्या माणसाचं, नाव आणि पुढे लिहिलेलं: विहिरीकडे जायची वाट त्यांची, पूर्वापार, बंद करू नये. खाली तारीख.

ही वाट तेव्हा वादात होती. एका चुलतभावाला गडगा घालायचा होता, कंपाउंडचा चिरा येऊन पडलेला होता. वही वाचल्यावर तो म्हणाला, या वहीला कायद्यात किंमत काय? वकिलाने सांगितलं, फारशी नाही. पण प्रश्न कायद्याचा नव्हता. ज्या माणसाचा हार घातलेला फोटो तुम्ही सोप्यावर लावता, त्याने कुणाला तरी शब्द दिला होता, तो फोटोखाली बसून मोडायचा का, एवढाच होता. गडगा थोडा आत सरकला.

अशा वह्या आणि असे शब्द गोव्यात घरोघर आहेत. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार हे नातं आपल्याकडे शब्दावरच चाललं. भाटात एक कोपरा दिला, झोपडी उभी राहिली, पुढे तिचं घर झालं, बदल्यात भाटाची राखण. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचं मालक ठरलं. मधे १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला. त्याप्रमाणे मुंडकाराला आपलं घर आणि भोवतालची जागा विकत घेता येते, पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटर, पालिकेत दोनशे. तरीही आज मामलेदारांच्या कोर्टात मुंडकारांचे दावे रेंगाळलेले दिसतात, आणि त्यांत नेहमी एकच अडचण: भाटकार वारला, वारस किती आणि कोण हे कागदावर नाही, नोटीस कुणाला काढायची? 'भाटकाराने आम्हांला सांगितलं होतं, घर तुझंच' असं मुंडकाराची म्हातारी सांगते. ते खरं असतं हे वारसांनाही आतून ठाऊक असतं. तेव्हा गेलेल्या माणसाने जे तोंडी देऊन ठेवलं ते कागदावर आणून देणं, हे कुठल्याही पिंडदानापेक्षा त्याला जास्त पोचेल असं मला वाटतं. हे मी धर्मशास्त्राच्या आधाराने म्हणत नाही. माझ्या समजुतीने म्हणतो.

आता मुलींच्या सह्यांबद्दल. हा भाग सगळ्यांत अप्रिय आहे आणि यावर आपण घराबाहेर बोलत नाही. कायद्याने गोव्यातल्या लेकीला भावाएवढाच वाटा दिला, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून आहे. मग प्रत्यक्षात काय होतं? बाराव्याचं जेवण झालेलं असतं, पाहुणे पांगलेले असतात, कुणीतरी वडीलधारा खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, 'बाबांचं घर बाबांच्या नावाला राहायला हवं, तुम्ही दोघी तर सासरी सुखी आहात, सही करून टाका'. हक्क सोडल्याच्या कागदावर सही म्हणजे बापाचा मान, असं ते मांडलं जातं. दुःख ताजं असतं, भावाशी वाईटपणा नको असतो, आईचं तोंड बघवत नाही. बाई सही करते. काही जणी खुशीने करतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण ज्या बापाने लेकीला शिकवलं, तिच्या लग्नात तिला मिठी मारून रडला, त्याचं नाव वापरून तिचा कायद्याने आलेला वाटा काढून घ्यायचा आणि वर त्याला स्मरण म्हणायचं, हे मला जमत नाही. वाटा नको असेल तर ती सहा महिन्यांनीही सोडू शकते, वकिलाला विचारून, किंमत समजून घेऊन. बाराव्याच्या दिवशीच सही लागते ती घाईत मिळते म्हणून.

आजीचं तर काय बोलावं. ती हयात असते, अर्ध्या घराची मालकीण असते, पण पंगतीत तिला कोपरा. मुलं 'बाबांची प्रॉपर्टी' म्हणत बोलतात आणि ती ऐकत असते. बाबांच्या नावाचा बाक देवळात बसतो. तिला विचारून किती ठिकाणी बसला? नवरा गेल्यावर त्याची सर्वांत मोठी आठवण घरात चालती-बोलती असते, आणि तिचा वाटा तिच्या हयातीतच कागदावर यावा, हे कुणाच्या श्रद्धांजलीच्या यादीत नसतं.

बरं, मेल्यावर लगेच वाटणीची गोष्ट काढणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील? हा आक्षेप खोटा नाही. चिता विझायच्या आत उतारे काढणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल गाव जे बोलतो ते बरोबरच बोलतो. पण कायद्यात यासाठी सोय आहे. सगळ्यांचं एकमत असेल तर विशेष नोटरीसमोर सक्सेशन डीड होतं, वारस कोण कोण ते ठरतं. हे वाटणी नाही. घर कुणाला, कुळागर कुणाला, हे पुढे पाच वर्षांनी ठरवा हवं तर. पण आपण कोण आहोत हे निदान कागदावर येतं आणि उताऱ्यावर जिवंत माणसांची नावं चढतात. एकमत नसेल तर मग कोर्टात इन्व्हेंटरी. तिथे कुटुंबप्रमुखाने सगळी मालमत्ता जाहीर करायची आणि वारसांनी आपसांत बोली लावायची, असा तो मार्ग. तो लांबलचक आहे, खर्चीकही आहे. पण त्यातही एक चांगलं आहे, की सगळं दिव्यासमोर होतं. माडीवरची पेटी एकाच भावाकडे राहत नाही.

पेटीवरून आठवलं. पेट्यांमधले कागद नुसते जमिनीचे नसतात. १९६१ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे गेला. पोर्तुगीज राजवट डोळ्यांनी पाहिलेली, १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेचं काय झालं ते घरच्या मोठ्यांकडून ऐकलेली, मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात खेड्यात पहिली मराठी शाळा उघडताना पाहिलेली पिढी आपल्यासमोरून जाते आहे. त्यांच्या पेट्यांत शाळेची हजेरीपत्रकं, भजनी मंडळाचे जमाखर्च, नाटकाच्या नकला, तुरुंगातून आलेली पत्रं असतात. आपण काय करतो? जमिनीचा कागद तेवढा काढून ठेवतो आणि बाकीचं घर रंगवायच्या आधी भंगारवाल्याच्या टेंपोत. गोव्याच्या पुराभिलेखाचा पाया १५९५ साली घातला गेला, पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो हा त्याचा पहिला प्रमुख. पणजीतल्या पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते आणि त्याला नाव आहे जुना ग्रंथकार कृष्णदास शामा याचं. राज्यकर्त्यांचे कागद सव्वाचारशे वर्षं जपणाऱ्या या प्रदेशात घरचे कागद एका पावसाळ्यात संपतात.

शिवाय ते वाचणार कोण, हाही प्रश्न आहेच. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि माध्यमाचं भांडण पेटलं. त्या भांडणात आता शिरत नाही, दोन्ही बाजूंनी पुरेसं बोलून झालंय. पण त्यानंतरच्या पिढीतल्या नातवाला आजोबांचं मराठी अक्षर लागत नाही, हे घरोघरचं सत्य आहे. मोडी तर सोडाच. आमच्या घरात तात्यांच्या वहीतला मोडी मजकूर वाचला तो बाहेरून बोलावलेल्या जाणकाराने. म्हातारा माणूस बसता-बोलता असतानाच त्याच्यासमोर मोबाइल ठेवून वही त्याच्याच तोंडून वाचून घेतली असती तर निम्मी कोडी सुटली असती. हे काम फुकट आहे, आणि म्हाताऱ्यांना ते आवडतं. एरवी त्यांना कोण बोलू देतं?

सरकारने काय करावं, हा भाग थोडक्यात सांगतो, कारण सरकारकडून मला फार मोठ्या अपेक्षा नाहीत. मृत्यूचा दाखला पंचायतीत मिळतो. त्या खिडकीवर दाखला हातात देताना पुढचं काय करायचं, सक्सेशन डीड कुठे, म्युटेशन (उताऱ्यावरच्या नावाचा फेरफार) कुठे, कागद कोणते, हे सोप्या मराठी-कोकणीत लिहिलेलं एक पान मिळावं. मामलेदार कचेरीच्या माणसाने ठरलेल्या दिवशी गावात बसून म्युटेशनचे अर्ज घ्यावेत. पोर्तुगीज कागदांच्या भाषांतरासाठी लोकांना दारोदार हिंडायला लागू नये. आणि गावच्या वाचनालयात एक स्कॅनर ठेवावा, म्हणजे ज्यांना घरच्या वह्या द्यायच्या नाहीत पण जपायच्या आहेत त्यांची सोय होईल. पुतळे आणि चौकांची नावं यांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. अर्थात स्कॅनरला फीत कापण्याचा कार्यक्रम नीट होत नाही, ही अडचण मला कळते.

घरच्या माणसांनी काय करावं हे जास्त महत्त्वाचं. माझ्या मते त्यासाठी म्हाळाचा दिवस धरावा. पुण्या-मुंबईचे, वास्को-मडगावचे सगळे त्या एका दिवशी येतात. जेवण झाल्यावर सुपारी कातरत तासभर इकडचं तिकडचं बोलणं होतंच. त्या तासात पेटी सोप्यावर आणावी, बहिणींना आणि आईला पंगतीतल्या मानाच्या जागी बसवावं, उतारा मोठ्याने वाचावा, तोंडी दिलेले शब्द कुणाला आठवतात ते लिहून काढावेत. आमच्याकडे हे काढलं तेव्हा थोरल्या वहिनीने शंका घेतली, पितृपक्षात कागदाला हात लावावा का? रास्त शंका होती, भटजी समोरच होते. ते म्हणाले, पितृपक्षात नवीन खरेदी नको, पण हा व्यवहार नवा कुठे, तो तर त्यांचाच राहून गेलेला. आणि दक्षिणा पिशवीत घालता घालता हळूच विचारलं, सक्सेशन डीडला खर्च साधारण किती येतो हो?

त्यांना सांगितलं ते इथेही लिहितो. खर्च किती हे भावंडं किती बोलतात त्यावर आहे. बोलत असतील तर नोटरीची फी, पेपरातली सूचना, दाखल्यांच्या नकला, वकिलाचे थोडे पैसे. फुल पेज पुण्यस्मरणाची जाहिरात देणाऱ्याला तो जड जाऊ नये. बोलत नसतील तर आधी कुणालातरी मध्यस्थ घ्या, आत्याला घ्या, जुन्या शिक्षकाला घ्या, कोर्ट शेवटी. जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले आधी गोळा करायला लागा, नावांच्या स्पेलिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो. तात्यांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे. आमचं काम त्यामुळेच अडलंय, आणि दुबईच्या चुलतभावाचं मुखत्यारपत्र अजून यायचंय.